दुधाचं लुगडं

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूने एक शिडी काढली आणि साऱ्या सृष्टीला तिच्यावर आपापल्या पायरीवर उभं केलं. सगळ्यात खाली मासा, त्याच्यावर बेडूक, मग सरडा, मग माकड. माकडाच्या वर भाला घेतलेला एक माणूस, त्याच्या वर पागोटंवाला आणि अगदी टोकाला टोपीवाला साहेब. बेडूक मात्र छान जमला होता. साहेबही थोडा बेडकाच्याच वळणावर गेला होता, पण ते दादाला सांगण्याची सोय नव्हती. तो पुण्याच्या कॉलेजात सायन्स शिकत होता. गावातून इतका शिकायला गेलेला तो पहिलाच, त्यामुळे सुट्टीत तो आला की घरातली माणसंच काय, बैलसुद्धा त्याचं ऐकून घेत.

आमचं गाव म्हसावदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, आणि उन्हाळ्यात आमचा अर्धा संसार त्या छतावरच चाले. पहाटे माय ज्वारीचा घाटा शिजवायची आणि ऊन चढायच्या आत आम्ही बायका धाब्यावर बिबड्या घालून मोकळ्या होत असू. हे ज्वारीचे पापड अर्धवट वाळलेले असताना खावेत. मी निम्मे तिथेच संपवायची आणि मग कावळ्यांच्या नावाने बोंब मारायची. खालून मोटेची कुरकुर ऐकू यायची, डोंगराकडून मोहाच्या फुलांचा गोड जड वास यायचा. दादा पुण्याहून आला की त्याची भाषा पहिले आठ-दहा दिवस अवघडलेली असे. ‘मला भाकरी नको, पोळी असेल तर वाढ’ असं तो एकदा म्हणाला, तेव्हा माय चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. ‘पोयी पुनाले ऱ्हायनी तुन्ही. आठे कयनानी भाकर शे, खावानी व्हई तं खाय,’ म्हणाली. मग त्याने ज्वारी-उडदाच्या त्या कळण्याच्या दोन भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ल्या आणि तो पुन्हा आमचा झाला.

आता ठुमीमायबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं प्रकरण तिच्यावाचून उभंच राहत नाही. ठुमी ही आमच्या सालदाराची, वेस्ताची बायको. वेस्ता वर्षाच्या कराराने आमच्या शेतात राबायचा आणि ठुमी गोठा सारवणं, भांडी घासणं, दळणकांडण असली कामं करायची. जातीने भिल्ल, माहेर डोंगरात. मी जन्मले ती सातव्या महिन्यात, एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी. बाळंतपणानंतर मायला ताप भरला आणि तिचं दूध गेलं. सुईणीने बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाहेर बोलावून ‘आस धरू नका’ असं सांगून टाकलं होतं. ठुमीचा राज्या तेव्हा तीन महिन्यांचा. तिने कोणालाही न विचारता मला उचललं आणि एका बाजूला राज्या, दुसऱ्या बाजूला मी, असं सबंध वर्षभर पाजलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि घराबाहेर कोणालाच सांगायचं नव्हतं. मी तिला मोठी झाल्यावरही ठुमीमाय म्हणत असे, तेसुद्धा लोक म्हणायचे, लाडाने म्हणते.

आणि याच ठुमीमायची जर्मनची वाटी आमच्या ओट्याच्या कोनाड्यात पालथी ठेवलेली असे. पाणी तिला वरून ओतलं जाई. काम झालं की ती बाहेर हौदावर हात धुई. घराच्या उंबरठ्याच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. मी लहानपणी मायला विचारलं होतं, ‘मी तिन्हं दूध पिनू, मंग ती आपलं पानी काबर नही पेत?’ माय एरवी कुठल्याही प्रश्नाला तोंडावर उत्तर देणारी बाई. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, ‘जमना, जाय, बिबड्या उलट्या कर.’ बिबड्या मी उलट्या केल्या. प्रश्न तसाच राहिला.

तर ती शिडी. दादाने मला आणि चुलत बहिणींना गोठ्यात बसवून समजावलं की एका दाढीवाल्या इंग्रजाने शोध लावला आहे, देवाने माणूस एका दिवसात घडवला नाही, जीव बदलत बदलत इथवर आलेत. मला ते ऐकून आनंदच झाला. माकडं आमच्या चिंचेवर यायची आणि त्यांच्या म्हाताऱ्या माकडिणीची बसण्याची तऱ्हा थेट आमच्या काकूसारखी होती. मग दादा पुढे म्हणाला की, या झगड्यात जो धडधाकट तो टिकतो आणि जो दुबळा तो गळतो, हाच निसर्गाचा कायदा. जंगलातली माणसं अजून खालच्या पायरीवर आहेत, आपण मधे, साहेब वर. ‘म्हणून तर आपण त्यांच्याशी दयेनं वागायला हवं,’ असंही त्याने वर जोडलं. मनाने तो वाईट कधीच नव्हता.

‘ठुमीमाय कोन्ती पायरीवर शे?’ मी विचारलं.

त्याने भालेवाल्याकडे बोट दाखवलं. राज्या तेव्हा मागे बैलांना पेंढी टाकत होता. त्याच्याकडे दादाने पाहिलं नाही.

‘मंग मी कोन्ती पायरीवर? मी तिन्हाच दूधवर जगनू.’

‘तू आपल्या पायरीवर.’

‘आनी सातवा महिनानं पोर? त्याले तुन्हा निसर्ग ठेवस का?’

‘सहसा नाही ठेवत,’ दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं असावं. त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, ‘मंग माले कोनी ठेवं?’ त्याने पुस्तक मिटलं, अंगावर पंचा टाकला आणि तो मोटेवर अंघोळीला गेला. वादात हरू लागलं की अंघोळीला जायचं ही त्याची शेवटपर्यंतची सवय.

त्याच सुट्टीत माझं लग्न ठरत आलं. धानोऱ्याच्या दगा पाटलांचा मुलगा मास्तर होता, आणि त्यांनी होऊन निरोप पाठवला होता की मुलीला फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, परीक्षेला बसायचं असेल तर लग्नानंतर खुशाल बसू दे, पुढे मास्तरीण झाली तरी आमची ना नाही. मी हा निरोप दाराआडून ऐकला आणि माझे पाय जमिनीवर राहीनात. मुलाचं नाक कसं आहे, हे विचारायचंही मला सुचलं नाही. हे स्थळ गेलं तर दुसरं वाट बघत होतंच, शहाद्याकडचा एक बिजवर, शेती मोठी, मिशा त्याहून मोठ्या, आणि बायकांनी पुस्तक धरलं की घरात दळिद्र येतं असं त्याचं ठाम मत. तेव्हा माझ्यापुरतं सांगायचं तर सगळं आयुष्य धानोऱ्याच्या त्या एका बैलगाडीत बसून येणार होतं किंवा येणार नव्हतं.

अडचण होती दुधाच्या लुगड्याची. आमच्या भावकीत सुपारी फुटायच्या, म्हणजे लग्न पक्कं व्हायच्या दिवशी मुलाचा बाप कुलदेवतेचा दिवा लावून चार माणसांसमोर मुलीच्या आईला लुगडं देतो. तुमच्या दुधावर ही पोर वाढली, ते दूध आता आमच्या घरी येतंय, म्हणून हे लुगडं, असं बोलून देतो, आणि आई ते ‘मन्हं दूध तुमले दिधं’ म्हणून पदरात घेते. एवढंच. बाकीच्या बायकांना ते नुसतं लुगडं. माझ्या मायला मात्र ते कुलदेवतेच्या दिव्यासमोर खोटं बोलणं होतं. ती आदल्या दिवशी मांडे करायला बसली होती. चुलीवर पालथं खापर तापलेलं, हातावर पुरणाचा मांडा फिरवून फिरवून ताटाएवढा झालेला, आणि ऐन खापरावर टाकायच्या वेळी ती थांबली. मांडा मधोमध फाटला. माझ्या मायचा मांडा मी फाटलेला कधी पाहिला नव्हता.

‘मी ते लुगडं कसं लिऊ?’ ती म्हणाली.

‘हात पुढे करीसन,’ बापू दारातून म्हणाले. ‘सगया लेतस तसं.’

‘दिवाम्होरे?’

‘दिवा काय उठीसन सांगाले येनार शे? पोरनं कल्यान शे तठे. भावकीले कयनं तं सुपारी जागावरच मोडी जाई. मंग बस त्या मिशावालाना घर पोर दीसन.’

दादाही बापूंच्याच बाजूने बोलला. इतक्या वर्षांनंतर कोण विचारतंय, म्हणाला. मायने फाटलेला मांडा गोळा करून बाजूला ठेवला. तिच्या पाया पडून घे म्हणावं की नको म्हणावं, हे मलाच कळत नव्हतं. मला शाळा हवी होती. आणि ठुमीमाय बाहेर हौदावर कढया घासत होती, तिचा खर्र खर्र आवाज आत येत होता.

दुसऱ्या दिवशी तापीचं कोरडं पात्र ओलांडून धानोऱ्याची मंडळी आली. दगा पाटील आडव्या अंगाचे, आवाज शेतातला, माणूस समोर बसलेला असला तरी तो बांधापलीकडे आहे असं समजून बोलायचे. ओसरीवर सतरंजी पडली. पुरुष तिथे, बायका आतल्या दारात. आमचा भाट आला होता. पिढ्यानपिढ्या आमच्या कुळांची नावं पाठ ठेवणारा माणूस तो. त्याने दोन्ही घरांच्या पूर्वजांची माळ अशी काही सुरात सोडली की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसली. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं, हे मला तेव्हा खटकलं नाही, आता खटकतं. मग दगा पाटलांनी पिशवीतून हिरव्या काठाचं लुगडं काढलं आणि हाक दिली, ‘इहीनबाई, या. तुमना दूधनं हाई लुगडं.’

माय डोक्यावरून पदर ओढून पुढे झाली. तिने हात पुढे केले. मी दाराला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, घे, घे, घे. तिने हात मागे घेतले.

‘मन्हं दूध नही, पाटील,’ ती म्हणाली. आवाज बारीक, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. ‘हाई पोर ठुमीना दूधवर वाढनी. आमना सालदारनी बायको. मन्हं दूध गयं व्हतं. ठुमी नसती तं हाई पोर नसती. हाई लुगडं मी कसं लिऊ?’

भाटाचं पान चघळणं थांबलं. बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या भावकीतले सगळ्यात वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी काठी उचलली. ‘दूध म्हंजे रगत,’ ते म्हणाले. ‘भिलनीनं रगत घरमा लेवानं व्हई तं लिज्या पाटील. भावकी पंगतले बसाव नही.’ कोणीतरी उठायला लागलं. मी चौकटीलाच टेकले. संपलं, एवढंच मनात आलं.

दगा पाटील लुगडं हातात धरून तसेच बसले होते. मग त्यांनी मान वळवून दादाकडे पाहिलं. ‘तू पुनाले शिकस ना रे? सांग. तुन्हा पुस्तकमा काय शे? दूध पीसन मानूस बदलस का?’

दादा उभा राहिला. त्याच्या शिडीप्रमाणे बोलला असता तर तिथेच माझा निकाल लागला असता. दारातून समोर हौद दिसत होता, आणि हौदापाशी ठुमीमाय घासलेल्या कढयांच्या ढिगाशेजारी उभी होती. आपलं नाव आत कशाला निघालं म्हणून घाबरून गेलेली. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग तो बोलू लागला, आणि पुण्याची भाषा त्याला त्या क्षणी एक शब्दही आठवली नाही.

‘पुस्तकमा अस शे, की हाऊ भाट जठे थांबना त्यान्हा मांगे चाला. आजून मांगे. गह्यरा मांगे. तठे आपली आजी आनी ठुमीनी आजी एकच शे.’

‘मन्ही माळमा ती आजी नही,’ भाट घाईने म्हणाला.

‘आनी त्यान्हा मांगे?’ आबांनी दरडावलं. ‘बोल ना! माकड?’

‘हा,’ दादा म्हणाला. ‘माकडबी.’

ओसरीवर एकच कल्ला उडाला. आपल्या आजाला माकड म्हणतो, पोरगं बाटलं, पुण्याला पाठवलं तेव्हाच सांगत होतो, असं जो तो बोलू लागला. आणि त्या गोंगाटात दगा पाटलांचं हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग ते डोळे पुसू लागले. ‘आबा,’ ते म्हणाले, ‘माकडना वंशमा बसेल शेतस आपन सगया, आनी तुमले भिलनीनं दूध जड जास?’ मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, ‘मन्हा घर एक बैल शे. त्यान्ही माय व्याताच मरनी. म्हैसले लाईसन वाढावा आम्ही त्याले. पंचक्रोशीमा तसा बैल नही. आते तो काय रेडा व्हई गया का? जगाडं ते खरं. लुगडं दूधनं शे, ज्यानं दूध त्याले जाई. बलावा तिले.’

माझा जीव भांड्यात पडला, हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. मला तेव्हा खरोखर छातीतून काहीतरी जड खाली उतरल्यासारखं झालं आणि मी मोठ्याने रडू लागले. बापू खांबाला धरून उभे होते, तेही डोळे पुसत होते आणि धूर झाला म्हणत होते, जरी चूल मागच्या अंगाला होती.

ठुमीमाय उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. हाताला राख. मायने तिचं राखेचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं. दगा पाटलांनी उठून लुगडं तिच्या हातावर ठेवलं. ती लुगड्याकडे बघे, मायकडे बघे. शेवटी म्हणाली, ‘दूध तं कव्हयच आटी गयं. लुगडं आज काबर?’ सगळे हसले, ती हसली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हाई लई खादाड व्हती. मन्हा राज्याना वाटानंबी पी जाये.’

आबा न जेवता गेले. त्यांच्यामागे आणखी काही गेले आणि वर्षभर आमच्या घरचं पाणी प्याले नाहीत. बाकीचे बसले. पंगती उठल्यावर माय जेवायला बसली आणि तिने दुसरा मांडा मागून घेतला, आमरसात बुडवून सावकाश खाल्ला. माझ्या जन्मापासून, ते दूध लपवल्याच्या सलापायी, ती सणावाराला पोटभर जेवत नसे, हे मला त्या दिवशी समजलं.

मी फायनल पास झाले, मास्तरीण झाले, धानोऱ्यातच निवृत्त झाले. राज्या शाळेत गेला नाही, तो सालदारच राहिला. एका लुगड्याने जग बदलतं असं मी म्हणणार नाही, माझ्या वाट्याचं बदललं, त्याच्या वाट्याचं नाही, आणि आम्ही दोघं एकाच दुधावरचे. माझी नात लोणखेड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती म्हणते, आजी, ती शिडी नसतेच गं, वडासारखं असतं ते, फांद्याच फांद्या, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. दादाने हे मला त्याच सुट्टीत सांगितलं होतं, पुण्याला परत जाताना गाडीत बसल्यावर. आणि म्हणाला होता, ‘जमना, मी चुकीचं वाचलं. निसर्ग असा वागतो म्हणून आपणही तसंच वागावं, असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. आणि ठुमीनं तुला उचललं, तेही निसर्गातच धर की. माणसं एकमेकांची पोरं उचलत आली म्हणूनच इथवर आली असतील.’ मला यापेक्षा मोठा शोध अजून कोणी सांगितलेला नाही.

पण मला आठवते ती सुपारीनंतरची सकाळ. ठुमीमाय गोठा सारवायला आली ती नवं लुगडं नेसूनच. माय ओट्यावरून ओरडली, ‘अवो, सेनमा भरी जाई ना ते!’ ठुमीमाय म्हणाली, ‘भरू दे. ठेवाले मन्हाजोडे पेटी कोठे शे?’ गोठ्यात दादा ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे उभा होता. गेरू निघत नव्हता, नुसता फिसकटत होता.

‘हाई काय काढेल शे रे?’ तिने विचारलं.

‘शिडी व्हती, ठुमीमाय.’ आयुष्यात पहिल्यांदा तो तिला माय म्हणाला.

‘कोठे जास ती?’

दादाने शिडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘कोठेच नही.’

‘मंग सरक,’ ती म्हणाली आणि तिने शेणाचा गोळा थेट साहेबाच्या टोपीवर थापला. मग पागोटंवाला गेला, भालेवाला गेला, तिचा हात वळणं घेत खाली माशापर्यंत आला. भिंत सारवून झाली तशी ती हात धुवायला रोजच्यासारखी हौदाकडे वळली.

‘ठुमी,’ मायने घरातून हाक मारली, ‘तठे कोठे जास? आठे मोरीमा ये.’

ती आली.